एक छप्पर, सहा बिऱ्हाडं आणि एक शिडी

टेकूवाला

माझं पोट जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर चालतं. गिरगाव-लालबागच्या चाळींना टेकू लावण्यात पंचवीस वर्षं गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत जेरुसलेमला गेलो, तेव्हा बरोबरची मंडळी मान खाली घालून हात जोडत होती आणि मी मान वर करून भेगा शोधत होतो. सवय जात नाही.

पवित्र कबरेचं चर्च. येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी आणि जिथे पुरलं ती कबर, दोन्ही या एकाच छपराखाली आहेत अशी श्रद्धा. कॉन्स्टंटाइन बादशहाने बांधलेल्या मूळ चर्चचं अर्पण ३३५ सालचं. १००९ मध्ये इजिप्तच्या खलिफा अल-हाकिमने ते पाडलं. आज दिसतं ते बरंचसं क्रुसेडवाल्यांचं (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं), ११४९ च्या सुमाराचं, आणि त्यावर नंतरच्यांनी चढवलेली ठिगळं.

मुख्य दरवाजाच्या वर, खिडकीखालच्या छज्जावर एक बुटकी लाकडी शिडी टेकवलेली आहे. कुणीतरी खिडकी पुसायला ठेवली आणि चहा प्यायला गेला, अशी. १७२८ च्या एका चित्रात ती दिसते. मधल्या काळात एक-दोनदा कुणी खोडी काढून ती हलवली, पण परत तिथेच आली. का? तर छज्जा कुणाचा, खिडकी कुणाची आणि शिडी हलवायचा हक्क कुणाचा, हे एकदा उकरलं की सगळंच उकरावं लागेल.

या वास्तूत सहा बिऱ्हाडं आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक (म्हणजे फ्रान्सिस्कन साधू) आणि आर्मेनियन हे तीन मोठे हिस्सेदार. कॉप्टिक (इजिप्तचे), सीरियाक (सीरियाकडचे) आणि इथिओपियन हे तीन छोटे. इथिओपियन तर गच्चीवर राहतात, अक्षरशः. तिथे त्यांच्या बुटक्या, मातकट खोल्या आहेत. ऑटोमन सुलतानाने १७५७ मध्ये आणि मग १८५२ मध्ये फर्मान काढलं की जे जसं आहे ते तसंच राहील. कोण कुठला दिवा लावणार, कोण कुठली पायरी झाडणार, कुणाची मिरवणूक किती वाजता निघणार, सगळं वहिवाटीने. आणि वहिवाटीचा कायदा आपल्या चाळीतल्यासारखाच: ज्याने दुरुस्ती केली, त्याची मालकी. म्हणून कुणी कुणाला दुरुस्ती करू देत नाही! कबरेच्या मागच्या बाजूला सीरियाक लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. भिंती काजळलेल्या, गिलावा गेलेला. त्या जागेवर आर्मेनियन हक्क सांगतात, त्यामुळे रंगाचा हातसुद्धा मारता येत नाही. माझ्या हाताला खाज सुटली होती.

कबरेवर एक छोटी खोली बांधलेली आहे. १९२७ च्या भूकंपात ती खिळखिळी झाली. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला चहूबाजूंनी लोखंडी गर्डरांचा टेकू दिला. तात्पुरता. तो निघाला २०१७ मध्ये! तिन्ही मोठ्या हिस्सेदारांचं एकमत व्हायला ७० वर्षं लागली. मला तो टेकू बघायला मिळाला नाही याची हळहळ आहे.

आता मुद्दा. ही सहा बिऱ्हाडं वेगळी का झाली, हे परत आल्यावर वाचत बसलो. शाळेत आपल्याला 'कॅथलिक आणि प्रोटेस्टंट' एवढंच शिकवतात. पण या वास्तूतल्या भिंती त्याहून कितीतरी जुन्या भांडणांच्या आहेत. कॉप्टिक, सीरियाक, आर्मेनियन, इथिओपियन हे एका बाजूला झाले ४५१ च्या कॅल्सेडॉनच्या परिषदेवरून, म्हणजे बिशपांच्या सभेवरून. ग्रीक आणि रोमन फुटले त्यानंतर सहाशे वर्षांनी, १०५४ च्या आसपास. माझं मत असं झालंय की यातलं एकही बिऱ्हाड येशूने काय शिकवलं यावरून वेगळं झालेलं नाही. 'शेजाऱ्यावर प्रेम कर' यावर कुणाचा आक्षेप नव्हता. भांडण होतं ते घराचा कारभारी कोण आणि हिशेब कुठल्या भाषेत लिहायचा, यावर.

मी ख्रिस्ती नाही, अभ्यासकही नाही. चुकत असेन तर कान धरा.

चकलीभाजणी

जागा धरून ठेवली आहे, सविस्तर नंतर.
पण एक शंका आत्ताच: प्रोटेस्टंट कुठे आहेत या चाळीत?

टेकूवाला

नाहीत. त्यांना यायला उशीर झाला. पागड्या आधीच ठरल्या होत्या. :)
प्रोटेस्टंटांचं जेरुसलेममध्ये बस्तान बसलं एकोणिसाव्या शतकात. जर्मन लुथरन लोकांनी या चर्चपासून हाकेच्या अंतरावर स्वतःचं चर्च बांधलं, १८९८ मध्ये. त्याच्या मनोऱ्यावरून या सहा जणांची गच्ची छान दिसते. शिवाय शहराच्या तटाबाहेर, दमास्कस दरवाजाजवळ एक खडकातली कबर १८६७ मध्ये सापडली. तीच खरी, असं बऱ्याच प्रोटेस्टंटांना वाटू लागलं. बाग आहे, शांतता आहे, धूप नाही, ढकलाढकली नाही. पुरावा मात्र फारसा नाही. ती कबर येशूच्या काही शतकं आधीची आहे असं उत्खननवाले म्हणतात.

शनवारतेली

नमस्कार. मी बेने इस्राएल, मूळ अलिबागकडचा, आता बीरशेबाला असतो. नावावरून ओळखलंच असेल: आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे.

टेकूवाला, तुमचा धागा चौथ्या शतकापासून सुरू होतो, म्हणजे चाळ बांधून झाल्यावर. पाया आमच्याकडे आहे, म्हणून दोन शब्द.

येशू ज्यू होता, हे सगळ्यांना माहीत असतं पण कुणी मनावर घेत नाही. गालीलमधल्या नाझरेथचा, बोलायचा अरामी, शब्बाथला सभास्थानात जायचा, वल्हांडणाच्या सणाला जेरुसलेमला यायचा. 'ख्रिस्त' हे आडनाव नव्हे. हिब्रूतला 'माशियाख' म्हणजे अभिषेक झालेला, त्याचं ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस'. रोमन सुभेदार पिलात (कारभार २६ ते ३६) याच्या हुकमाने त्याला क्रुसावर दिलं. क्रूस ही रोमन शिक्षा, ज्यू शिक्षा नव्हे. हे मुद्दाम लिहितोय, कारण या एका गोष्टीपायी आमच्या लोकांनी युरोपात शतकानुशतकं मार खाल्ला. भारतात नाही खाल्ला, हेही लिहायला हवं.

त्याच्या मागे जी माणसं राहिली ती स्वतःला नवा धर्म काढणारे समजत नव्हती. मंदिरात जात होती, खाण्याचे नियम पाळत होती. जेरुसलेममधल्या त्या मंडळीचा पुढारी येशूचा भाऊ याकोब होता. हे नाव आज फार कमी लोकांना आठवतं. येशूचा शिष्य पेत्र आणि प्रचारक पौल यांच्या सावलीत ते झाकलं गेलं.

बोरू

शनवारतेलींना +१. पहिली फूट तीच, आणि तिच्याबद्दल कुणी 'फूट' म्हणून बोलत नाही.

प्रश्न असा आला की ज्यू नसलेले लोक येऊ लागले. त्यांची सुंता करायची का? त्यांनी डुक्कर सोडायचं का? साधारण ४९ साली जेरुसलेममध्ये यावर बैठक झाली. नव्या करारात, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात तिचा वृत्तांत आहे. तार्ससचा पौल म्हणाला, गरज नाही. निकाल बराचसा त्याच्या बाजूने लागला. त्याच पौलाने पुढे पेत्राला सीरियातल्या अंत्युखिया शहरात तोंडावर सुनावलं, कारण जेरुसलेमहून माणसं आल्याबरोबर पेत्र बिगर-ज्यूंच्या पंक्तीतून उठला होता. पंगतीचा प्रश्न! कोण कोणाबरोबर जेवतो यावरून धर्म दुभंगतो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

'ख्रिस्ती' हे नावही पहिल्यांदा अंत्युखियातच पडलं, जेरुसलेमात नव्हे. पौलाची पत्रं साधारण ५० ते ६० मधली, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या (येशूच्या चरित्रांच्या) आधीची. मार्क ७० च्या आसपास, योहान शतकाच्या अखेरीस, असं बहुतेक अभ्यासक धरतात. आणि ७० साली रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. ज्यू ख्रिस्ती मंडळींच्या पायाखालची जागाच गेली. उरली ती ग्रीक बोलणारी, बंदरांच्या शहरांतली मंडळी. म्हणून अरामी बोलणाऱ्या येशूचं सगळं चरित्र आपल्याला ग्रीकमध्ये मिळतं. मूळ अरामी शब्द मधेच खडे लागावेत तसे लागतात: 'अब्बा', 'तलीथा कूम', 'एलोई एलोई'.

वसईची लेक

टेकूवालाभाऊ, लिहिलंय झकास. शिडीवरून घरी चर्चा झाली. पण 'कारभारी कोण' एवढ्यावर सगळं उरकू नका. मी कॅथलिक, वसईची. दर रविवारी मिस्सेत आम्ही उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो. त्यातली वाक्यं ३२५ च्या नायसिया आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) परिषदांतून आलेली आहेत. लहानपणी पाठ करून घेतलं तेव्हा कळलं नव्हतं की त्यातला एकेक शब्द कोर्टातल्या जबानीसारखा तोलून घातलेला आहे.

अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणत होता, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे एक काळ असा होता की तो नव्हता. वाचायला किरकोळ वाटतं. पण तो निर्माण केलेला असेल तर त्याची उपासना करणं ही मूर्तिपूजाच झाली की! आणि नुसत्या एका निर्मितीच्या मरणाने माणसाचं तारण कसं होणार? नायसियात ठरलं: पुत्र पित्याशी 'होमोऊसिऑस', एकाच तत्त्वाचा. पुढे काहींनी तडजोड काढली, 'होमोइऊसिऑस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा. मधे एका ग्रीक अक्षराचा फरक. त्या अक्षरावरून बिशप हद्दपार झाले. अरियसचा कट्टर विरोधक अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. राजकारणासाठी माणूस एवढी फरफट करून घेत नाही.

टेकूवाला

ताई, कान धरलात, बरं केलंत. पण नायसियाची परिषद बोलावली कुणी? पोपने नाही, बादशहाने. ३१३ मध्ये त्यानेच ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्याच्या दहा वर्षं आधी डायोक्लिशन बादशहा चर्चं पाडत होता. कॉन्स्टंटाइनला एक साम्राज्य, एक धर्म, एक मत हवं होतं. आणि गंमत म्हणजे त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो मरणाच्या दारात, ३३७ मध्ये, अरियसच्या बाजूच्या बिशपकडून!

वसईची लेक

बोलावली बादशहाने, मान्य. पण बादशहाला जे सोयीचं ते टिकलं असतं तर त्याच्या मुलाच्या काळात अरियसवालेच जिंकले असते. कॉन्स्टंटियस त्यांच्याच बाजूचा होता. तरी टिकलं नाही. सत्तेने धक्का दिला, पण गाडी कुठल्या रुळावरून गेली ते लोकांनी काय मानलं त्यावरून ठरलं.

बाकी तुमच्या वहिवाटीच्या मुद्द्यावर आमचे बाबा खूप हसले. आमच्याकडे दोन धर्मग्रामांत सणाच्या मिरवणुकीच्या वाटेवरून जे झालंय ते इथे लिहिलं तर मला वसईत पाऊल ठेवता येणार नाही.

बोरू

दोघांचंही खरं आहे, आणि याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॅल्सेडॉन.

४५१. प्रश्न: येशू देव आणि माणूस दोन्ही, पण कसा? परिषदेने ठरवलं, एक व्यक्ती, दोन स्वभाव. मिसळलेले नाहीत आणि तुटलेलेही नाहीत. इजिप्त आणि सीरियातल्या बऱ्याच जणांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, देवत्व आणि मनुष्यत्व एकजीव झालेला एकच स्वभाव. दुधात साखर विरघळते तसं नव्हे, हेही ते बजावून सांगतात. विरघळून माणूसपण नाहीसं झालं असं म्हणणाऱ्या युटिकसला तेही पाखंडीच मानतात. त्यांची उपमा तापलेल्या लोखंडाची: लोखंड लोखंडच, आग आगच, पण वेगळी काढून दाखवता येत नाहीत.

आता यात राजकारण किती? इजिप्तचा शेतकरी कॉप्टिक बोलायचा, सीरियाचा सीरियाक, आणि हुकूम यायचे ग्रीकमधून, कॉन्स्टँटिनोपलहून. आर्मेनियन तर परिषदेला नव्हतेच. त्याच वर्षी ते इराणच्या सासानी फौजेशी आपला धर्म टिकवायला लढत होते. त्यांनी कॅल्सेडॉन अधिकृतपणे नाकारलं ते पुढच्या शतकात. इथिओपियाला बिशप इजिप्तमधून मिळायचा, म्हणून इजिप्त जिकडे, तिकडे ते. इथिओपियन चर्चला स्वतःचा पॅट्रिआर्क (सर्वोच्च धर्मगुरू) मिळाला १९५९ मध्ये!

या सगळ्यांना आज ओरिएंटल ऑर्थोडॉक्स म्हणतात. ग्रीक, रशियन, सर्बियन हे ईस्टर्न ऑर्थोडॉक्स. मराठीत दोन्हींना 'पौर्वात्य'च म्हणावं लागतं, म्हणून घोळ होतो. पण एक कॅल्सेडॉन न मानणारं, दुसरं मानणारं.

रेंजहिल्सकर

आमच्या मजल्यावर तीन मल्याळी कुटुंबं, तिन्ही 'सीरियन ख्रिश्चन', आणि तिन्ही वेगवेगळ्या चर्चला जातात. मी बरीच वर्षं त्यांना एकच समजत होतो. या धाग्यामुळे शेवटी शेजारच्या अच्चायनना विचारलं. त्यांनी दीड तास घेतला.

सार असं: परंपरेनुसार येशूचा शिष्य, प्रेषित थॉमस ५२ साली मलबारला आला. ते जुने चर्च इराणच्या चर्चशी जोडलेलं, उपासना सीरियाकमध्ये. मग पोर्तुगीज आले, त्यांना हे पोपला ओळखत नाहीत हे बघून धक्का बसला. १५९९ मध्ये उदयंपेरूरची धर्मसभा भरवून सगळं रोमन पद्धतीने करायला लावलं, पुस्तकं जाळली. ३ जानेवारी १६५३ ला मट्टानचेरीत लोकांनी क्रुसाला दोर बांधून, तो हातात धरून शपथ घेतली की जेझुइटांचं (रोमच्या बाजूच्या कॅथलिक साधूंचं) ऐकणार नाही. सगळ्यांचे हात पोचेनात म्हणून दोर! क्रूस वाकला, असं सांगतात, म्हणून 'कूनन कुरिशु', वाकडा क्रूस. पुढे काही परत रोमकडे गेले (सिरो-मलबार), काहींनी अंत्युखियाच्या सीरियाक पॅट्रिआर्कचा हात धरला, त्यांच्यातही फूट पडली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मिशनऱ्यांच्या प्रभावाने मार थोमा निघालं.

म्हणजे रोम, अंत्युखिया आणि सुधारणावादी, सगळे आमच्या एका लिफ्टमध्ये. लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी मात्र तिघंही वेळेवर देतात.

बोरू

व्वा! आणि 'इराणचं चर्च' म्हणजे ४३१ मध्ये एफेससच्या परिषदेनंतर वेगळी वाट धरलेलं. भांडण होतं की मरियेला 'देवमाता' म्हणायचं की 'ख्रिस्तमाता'. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस 'देवमाता' म्हणायला कचरत होता, त्याला काढलं. रोमच्या हद्दीबाहेर, इराणात हे चर्च फोफावलं. चीनमध्ये शीआनला ७८१ सालचा त्यांचा शिलालेख उभा आहे. टेकूवाला, तुमच्या जेरुसलेमच्या चाळीत त्यांचं बिऱ्हाड नाही. पण त्रिशूरला आहे, आजही.

खडूस_पंत

एवढा काथ्याकूट करून शेवटी काय, सगळे एकाच माळेचे मणी. आपल्याकडे तरी

संपादक मंडळ

आजच्या राजकारणावरचा मजकूर उडवला आहे, त्याखालचे दोन प्रतिसादही. विषय चर्चच्या शाखांचा आहे.

चकलीभाजणी

आले परत. १०५४ ला नेमकं काय झालं ते कुणी सांगेल का? पुस्तकात 'महाफूट' एवढंच होतं, दोन गुणांना.

बोरू

१६ जुलै १०५४. पोपचा दूत, कार्डिनल हम्बर्ट, कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चमध्ये ऐन उपासनेच्या वेळी शिरला आणि वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवून, पायाची धूळ झटकत निघून गेला. पॅट्रिआर्क मायकेल सेरुलारियसने उलट बहिष्कार टाकला. ज्या पोपच्या नावाने हे पत्र होतं तो नववा लिओ एप्रिलमध्येच वारला होता!

कारणं? पोप सगळ्यांवर की बरोबरीच्यांत पहिला, हे मोठं. विश्वासांगीकारात लॅटिन चर्चने घातलेला 'आणि पुत्रापासून' हा शब्द (पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र दोघांपासून), हे दुसरं. आणि उपासनेतल्या भाकरीत खमीर असावं की नसावं, हे तिसरं. यावर हसू नका. त्या काळच्या पत्रांत भाकरीवर पानंच्या पानं आहेत.

पण सामान्य माणसाच्या दृष्टीने घर फुटलं ते १०५४ मध्ये नव्हे, १२०४ मध्ये. चौथ्या क्रुसेडची फौज जेरुसलेमला जायची ती कॉन्स्टँटिनोपलवर वळली आणि ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांचं सगळ्यात मोठं शहर लुटलं. हागिया सोफियातून वेदीचे तुकडे करून नेले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गेलात तर ब्राँझचे चार घोडे दिसतात, ते त्या लुटीतले (दर्शनी भागावर आता प्रती आहेत, मूळ घोडे आत). पत्र विसरता येतं, लूट नाही. परस्परांवरचे ते बहिष्कार मागे घेतले ७ डिसेंबर १९६५ ला.

नगरी_तडका

शेवटी आमचा नंबर आला का? :) आम्ही नगरचे. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले. हे मिशन मुंबईत १८१३ ला आलं, नगरला १८३१ ला.

१५१७ ची गोष्ट 'ल्यूथरने दारावर ९५ कलमं ठोकली' एवढ्यात संपवतात. दारावर ठोकली का यावर वाद आहे. ३१ ऑक्टोबरला त्याने ती माइन्झच्या आर्चबिशपला पाठवली, हे नक्की. आणि हा आर्चबिशप कोण? पद मिळवायला फुगर सावकाराचं कर्ज काढून बसलेला. पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं विकून आलेले निम्मे पैसे रोमला सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मे सावकाराला. टेकूवाला, बघा, प्रोटेस्टंट पंथाच्या मुळाशीसुद्धा बांधकामाचा खर्चच निघाला!

पण वसईच्या ताईंचं म्हणणं मला पटतं. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंगली समोरासमोर बसले. दोघं एक झाले असते तर राजकीय फायदाच फायदा होता, जर्मन सरदाराने त्यासाठीच बोलावलं होतं. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं. पंधरावा प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर वाटून खाण्याच्या विधीचा. भाकर हे येशूचं शरीर 'आहे', की शरीराची आठवण आहे? ल्यूथरने टेबलावर खडूने लिहून ठेवलं होतं, 'हे माझं शरीर आहे', आणि तो 'आहे'वरून हलला नाही. एका क्रियापदावरून लुथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंगलीच्या बाजूचे) आजतागायत वेगळे. सत्तेचं गणित सरळ 'एक व्हा' म्हणत होतं.

त्याहून वाईट झालं ते बाप्तिस्म्याचं. बाळाला पाणी लावून उपयोग नाही, समजत्या वयात स्वतःहून घ्यावा, असं म्हणणाऱ्यांनी १५२५ मध्ये झुरिकला एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत लिम्माट नदीत बुडवून मारलं. पाण्याचा गुन्हा, पाण्याची शिक्षा. मारणारे प्रोटेस्टंटच. आमच्याकडे बाळाच्या कपाळाला पाणी लागतं, मामेबहिणीच्या सासरी बॅप्टिस्ट, ते अख्ख्या माणसाला हौदात बुडवतात. तिच्या मुलाचं वय आता नऊ, आत्या अजून विचारते, 'पोराला पाणी कधी?'

इंग्लंडचं सोडून देतो. आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, १५३४ ला तो स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. टेकूवालांचा सिद्धांत तिथे शंभर टक्के लागू.

टेकूवाला

म्हणजे चाळीच्या एका विंगेपुरता तरी बरोबर निघालो. बाकी ठिकाणी मागे घेतो. 'आहे'वरून हलला नाही, हे डोक्यातून जात नाहीये.

पण नगरी भाऊ, फुटतच राहिले का? जुळलं कुठेच नाही?

नगरी_तडका

जुळलं, आणि आपल्या नागपुरात जुळलं. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चं एक होऊन उत्तर भारताचं चर्च (सीएनआय) झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळींचं संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. बाप्तिस्म्याचं काय केलं? दोन्ही चालतील, असं ठरवलं. मान्झ ज्यासाठी मेला ते एका कलमात मिटलं. बिशप असावा की नसावा यावर मात्र चाळीस वर्षं बोलणी चालली होती.

कुळकायदा, मालमत्ता, विश्वस्त मंडळं यांच्या केसेस अजून चालू आहेत, ते वेगळं. तुमच्या धंद्याला मरण नाही.

आणि एक राहिलं. आज सगळ्यात वेगाने वाढणारी शाखा पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्मा अंगात संचारल्याचा अनुभव घेत प्रार्थना करणारे. तिचा उगम सगळे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटला, १९०६ ला सांगतात. पण केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ लाच मुली रात्रभर जागून, रडत, ओरडत प्रार्थना करत होत्या. त्या बहुतेक दुष्काळातून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली. कुठल्याही परिषदेने त्यांना काही विचारलं नव्हतं.

शनवारतेली

फार छान चाललंय. आमच्या बायकोने विचारलंय, त्या चर्चच्या दाराची किल्ली म्हणे मुसलमान घराण्याकडे असते. खरं का?

टेकूवाला

खरं. एक नव्हे, दोन घराणी. जौदेह घराण्याकडे किल्ली, नुसैबेह घराण्याकडे दार उघडण्या-लावण्याचा मान. सहा जणांपैकी कुणाकडे दिली असती तर उरलेल्या पाचांना झोप लागली नसती.

मी संध्याकाळी दार लावताना मुद्दाम थांबलो होतो. ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, तिघांचा एकेक माणूस उंबऱ्यापाशी उभा. एक पल्ला लोटला, मग दुसरा. वरचं कुलूप हाताला येत नाही, म्हणून दाराला शिडी लावली, लावणारा चढला, कुलूप घातलं, उतरला. मग दाराच्या पल्ल्यात एक छोटी झडप आहे, ती आतून उघडली आणि त्याने शिडी त्यातून आत सरकवली. आतून दोन हातांनी ओढून घेतली, झडप बंद. कारण रात्री काही साधू आतच राहतात, आणि पहाटे शिडी बाहेर देतात तेव्हाच दार उघडतं.

चकलीभाजणी

म्हणजे शिड्या दोन? एक कधीच न हलणारी आणि एक रोज आतबाहेर करणारी?

टेकूवाला

हो. रोजच्या शिडीची खालून दुसरी पायरी झिजलीय, बदलायला झालीय. मी सांगितलं त्याला. तो नुसता हसला.